व्हायोला फुलत नाही, आता आणखी कोणतं खत घालू?

पत्र थोडक्यात असं आहे. एका वाचकताईंनी थंडी सुरू होताना व्हायोलाची फुललेली रोपं आणली आणि एका मोठ्या कुंडीत दाटीनं लावली. पहिले दोन-तीन आठवडे कुंडी फुलांनी भरली होती. मग फुलं कमी होत होत थांबली. आता पानं हिरवीगार आहेत, देठ लांब होऊन कुंडीबाहेर लोळताहेत, पण फूल नाही. झाड नाजूक म्हणून त्यांनी कुंडी उन्हातून हलवून भिंतीलगत सावलीत ठेवली. रोज सकाळी न चुकता पाणी, दर आठवड्याला खत, शिवाय मोबाइलवर पाहून केळीच्या सालीचं पाणीही सुरू आहे. त्याच दिवशी, त्याच नर्सरीतून त्यांच्या बहिणीनं नेलेली रोपं मात्र अजून फुलताहेत, आणि "ती तर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही." मध्ये त्यांनी बी पेरून पाहिलं, तेही बहुतेक उगवलं नाही. त्या विचारतात, "माझ्या हातालाच गुण नाही का? फुलांसाठी नेमकं कोणतं खत घालू? की ही रोपं उपटून टाकू? आणि टाकली तर ती माती पुन्हा वापरता येईल का?"

ताई,

तुमच्या पत्रात खताचा विषय पुन्हा पुन्हा येतो, तापमानाचा मात्र एकदाही येत नाही. वाचताना मला आधी तेच खटकलं. झाड फुलत नाही म्हणजे त्याला काहीतरी कमी पडतंय, आणि जे कमी पडतंय ते पुडीतून किंवा बाटलीतून देता येतं, असं आपण धरूनच चालतो. तुमच्या कुंडीकडे बघा: पानं हिरवीगार, वाढ जोरात. उपाशी झाड असं दिसत नाही. तुमच्या व्हायोलाला खायला भरपूर मिळतंय. गारवा आणि उजेड मात्र मिळत नसावा, आणि या दोन्ही गोष्टी विकत आणून घालता येत नाहीत.

हे झाड मुळात कुठलं ते पाहिलं की पुढचं सोपं होतं. कुंड्यांत आणि वाफ्यांत लावतात त्या व्हायोलांच्या घडणीत व्हायोला कॉर्नुटा या जातीचा मोठा वाटा आहे. ही पिरेनीज पर्वत आणि उत्तर स्पेनमधल्या डोंगराळ भागातली रानजात. तिथला उन्हाळाही थंडच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या बागायतदारांनी तिचा बागेतल्या पॅन्सीशी (तिच्याच नात्यातल्या मोठ्या फुलांच्या झाडाशी) संकर केला आणि त्यातून छोट्या फुलांच्या, भरपूर फुलणाऱ्या व्हायोला तयार झाल्या. तेव्हापासून रंग शेकड्यांनी वाढले, पण स्वभाव डोंगरातलाच राहिला. दिवसा 15 ते 20 अंश सेल्सिअस आणि रात्री 5 ते 10 अंश मिळाले की ती मनापासून फुलते. दिवसाचं तापमान 25 च्या वर राहायला लागलं की फुलं लहान आणि विरळ होतात. 30 च्या आसपास बहुतेक रोपं फुलणं सोडून नुसती लांब होत जातात. दोन पानांमधलं अंतर वाढणं, देठ लोळणं, मधेच एखादी कळी येऊन सुकणं ही उकाड्याचीच लक्षणं. त्यात वरून खत घालत राहणं म्हणजे उकाड्यानं झोप उडालेल्या माणसाला आग्रह करकरून जेवायला वाढण्यासारखं आहे.

इथे तुम्ही म्हणाल, "पण थंडी तर आहे!" हवेत असेलही, कुंडीत आहे का? एक साधा थर्मामीटर घ्या आणि कुंडीच्या काठाशी, पानांच्या उंचीवर ठेवा. दुपारी तीनच्या सुमाराला एकदा आणि पहाटे उजाडायच्या आधी एकदा आकडा बघा. हवामानाच्या अंदाजातला आकडा मोकळ्या जागेतला असतो. तुमची कुंडी भिंतीलगत आहे. दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते, त्यामुळे भिंतीजवळची रात्र आठ पावलांवरच्या मोकळ्या जागेपेक्षा उबदार असू शकते, आणि व्हायोलाला गार रात्रच हवी असते. एसीचं बाहेरचं युनिट जवळ असेल तर विचारूच नका. कुंडी काळ्या प्लास्टिकची असली तर दुपारी तिची उन्हाकडची बाजू हात लावून बघा. मुळं कुंडीच्या त्या तापलेल्या बाजूला आतून चिकटून बसलेली असतात.

आता सावलीबद्दल. तुम्ही कुंडी सावलीत नेली ती काळजीपोटीच, पण फुलं थांबण्यात या हलवण्याचा मोठा हात आहे असं मला वाटतं. गार हवेत व्हायोलाला पूर्ण ऊन चालतं, नव्हे हवंच असतं. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळालं तर कळ्या धरतात. हवा तापायला लागते तेव्हा मात्र सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली ही जागा उत्तम. दिवसभर सावलीतलं रोप मरत नाही, पानंही छान दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं की त्याला तिथं बरं वाटतंय. प्रत्यक्षात ते उजेडाकडे मान लांबवत असतं.

"थेट ऊन नको, घरात ठेवा, ऊब द्या" हा सल्ला तुम्ही कुठे वाचला असेल तर तो बहुधा आफ्रिकन व्हायोलेटसाठी लिहिलेला होता. ते वेगळ्याच कुळातलं, लवदार जाड पानांचं, घरात वाढणारं झाड आहे. शोध घेताना दोघांची माहिती एकमेकांत मिसळून समोर येते आणि हा घोटाळा वरचेवर होतो. एकाला मानवतं ते दुसऱ्याला अजिबात मानवत नाही. व्हायोला खिडकीच्या आत ठेवली तर उजेड कमी आणि ऊब जास्त, दोन्ही तोटे एकदम पदरात पडतात.

पहिले दोन-तीन आठवडे कुंडी फुललेली होती आणि मग बिघडली, याचा अर्थ तुम्ही असा लावलात की रोपं चांगली होती, तुमच्या हातात आली आणि खराब झाली. मला तो अर्थ पटत नाही. कळी तयार होऊन उमलायला काही आठवडे लागतात. तुम्ही जी फुलं पाहिलीत, त्यांतल्या बहुतेकांच्या कळ्या नर्सरीतच धरल्या होत्या, गार हवेत, मोकळ्या उजेडात. काही ठिकाणी रोपं बुटकी आणि भरगच्च दिसावीत म्हणून वाढ रोखणारी औषधंही वापरतात. त्यांचा असर उतरला की तेच रोप एकदम लांब होऊ लागतं. म्हणजे आज जे दिसतंय ते तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या परिस्थितीचं फळ आहे. हाच हिशेब पुढेही लागू होतो: आज कुंडी योग्य जागी नेलीत तरी परवा फूल दिसणार नाही. महिनाभर धीर धरावा लागेल. दर आठवड्याला नवा उपाय करत राहिलात तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही.

बहिणीचंही तसंच. ती ढुंकून बघत नाही म्हणजे ती रोज पाणी घालत नाही, खताचा मारा करत नाही आणि कुंडी इकडून तिकडे नेत नाही. तिची कुंडी कुठे आहे, ते तिला विचारा. उघड्यावर, सकाळच्या उन्हात असेल असा माझा अंदाज आहे. तिच्या हाताच्या गुणापेक्षा त्या जागेचा गुण मोठा असावा.

पाण्याचं सांगते. "रोज सकाळी न चुकता" हे शिस्तीचं लक्षण खरं, पण झाड घड्याळ बघून पाणी पीत नाही. सावलीतल्या कुंडीत माती सुकायला दोन-तीन दिवसही लागतात आणि तुम्ही त्यावर रोज पाणी ओतताय. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून बघा. तिथपर्यंत कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला, ओलं लागलं तर तो दिवस सोडून द्या. अगदी सुकू देऊ नका, व्हायोलाची मुळं फार खोल जात नाहीत. पाणी पानांवरून न घालता बुडाशी घाला, आणि कुंडीखाली ताटली असेल तर त्यात साचलेलं ओतून टाका.

मुळांची अवस्था बघायला एक रोप धीर करून उपसा. कडेचं एखादं निवडा, मातीच्या गोळ्यासकट खुरप्यानं उचला आणि मुळं नीट बघा. पांढरी किंवा फिकट, टवटवीत मुळं असतील तर सगळं सावरण्यासारखं आहे. मुळं तपकिरी, मऊ असतील, चिमटीत धरल्यावर वरचं साल निघून आत दोरा राहत असेल तर पाणी जास्त झालंय. मुळांवर काळे पट्टे किंवा डाग दिसले तर काळ्या मूळकुजीची शंका घ्यायला हवी. हा बुरशीचा रोग पॅन्सी-व्हायोलांना बऱ्याचदा होतो आणि त्यातून रोप परत फुलण्याची आशा धरू नये. हे पाच मिनिटांचं काम केल्याशिवाय पुढचा कोणताच निर्णय घेऊ नका.

खताबद्दल तुम्ही सरळ प्रश्न विचारलाय, तेव्हा सरळ उत्तर: सध्या कोणतंही नको. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की व्हायोला पानांवर जोर देते. युरियासारख्या खतातलं नत्र तर थंड मातीत आणखी बेभरवशाचं, कारण अमोनियमचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू गारठ्यात मंदावतात. "फुलांसाठी खास" म्हणून जास्त स्फुरद (फॉस्फरस) असलेली खतं मिळतात. मातीत स्फुरद पुरेसं असताना आणखी घातल्यानं कळ्या वाढत नाहीत. केळीच्या सालीच्या पाण्यात थोडा पालाश (पोटॅशियम) उतरत असेल, पण किती ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि तुमच्या झाडात पालाश कमी असल्याचं एकही लक्षण तुम्ही लिहिलेलं नाही. ते आंबूस पाणी कुंडीत माश्या मात्र हमखास आणतं. (मोबाइलवरच्या या नुस्ख्यांमध्ये कुंडी कुठे ठेवली आहे ते कोणी दाखवत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? झाड नेहमी फुललेलंच असतं, आणि पाणी ओतायच्या आधीपासून फुललेलं असतं.)

आतापर्यंत साचलेले क्षार काढण्यासाठी एकदा कुंडीच्या आकाराच्या साधारण दुप्पट साधं पाणी सावकाश घाला आणि सगळं तळातून वाहून जाऊ द्या. हे निचरा चांगला असेल तरच करा, आणि मुळं कुजलेली दिसली असतील तर अजिबात नको. मग तीन आठवडे खत बंद. त्यानंतर रोपांनी नवे फुटवे धरले की समतोल, पाण्यात विरघळणारं खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यानं, पंधरा दिवसांतून एकदा. लावताना मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घातलं असेल तर तेवढंही लागत नाही.

राख किंवा चुना कुंडीत टाकायची सवय असेल तर ती इथे सोडा. व्हायोलाला किंचित आम्ल माती लागते, सामू (pH) साधारण 5.5 ते 6.2. सामू वर गेला की लोह आणि बोरॉन मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. लोह कमी पडलं तर नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. बोरॉन कमी पडलं तर शेंडा आखडतो, कोवळी पानं जाड आणि चुरगळलेली येतात, कळ्या धरत नाहीत. असं काही दिसलं तर घरात बोरॅक्स असेल म्हणून चमचाभर टाकू नका. बोरॉन झाडाला जेमतेम लागतं आणि जास्त झालं की तेच विष होतं. माती बदलणं त्यापेक्षा बरं.

आता ज्या गोष्टीचा पत्रात उल्लेखच नाही तिच्याकडे येते. वाळलेली फुलं तुम्ही खुडत होता का? तुमच्या वर्णनावरून वाटतं की नसाल. व्हायोला फुलते ती बी धरण्यासाठी. बी धरलं की तिचं काम झालं. पाकळ्या गळल्यावर मागे राहिलेली बोंडं तशीच वाढू दिली तर झाडाची ताकद तिकडे जाते आणि नवीन कळ्या कमी होत जातात. पाकळ्या आपोआप गळून पडतात म्हणून फुलं "साफ झाली" असं वाटतं, आणि हिरवी बोंडं पानांत लपून बसतात.

कळी आणि बोंड यांत फरक ओळखायला थोडी नजर बसवावी लागते, कारण दोन्ही बारीक देठावर मान खाली घालून असतात आणि दोघांनाही हिरव्या निदलांचा (पाकळ्यांबाहेरच्या छोट्या पानांसारख्या भागांचा) वेढा असतो. कळी टोकाला निमुळती असते, उमलायला आली की निदलांच्या फटीतून रंग डोकावतो आणि बोटात मऊ लागते. बोंड गोलसर, फुगीर आणि टणक. पिकत आलं की ते खाली घातलेली मान वर उचलतं, फिकट होतं, मग तीन फाकांत उघडतं. त्या होडीसारख्या तीन फाका सुकताना आवळत जातात आणि बिया चिमटीतून निसटल्यासारख्या दूर उडवतात. मान वर केलेली बोंडं दिसत असतील तर तुमच्या झाडानं हंगाम आवरायला घेतलाय असं समजा. ती सगळी आजच काढा. नुसतं डोकं तोडू नका, देठ पानाच्या बगलेतून निघतो तिथपर्यंत बोट नेऊन तिथे खुडा. पुढे आठवड्यातून दोनदा हे काम केलंत तरी पुरे.

उपटून टाकू का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कुंडीपेक्षा पुढच्या सहा आठवड्यांच्या हवेत आहे. तीन शक्यता दिसतात.

थंडी अजून बरीच शिल्लक असेल, रात्री 12 अंशांच्या खाली जात असतील आणि मुळं चांगली निघाली असतील, तर छाटणी करा. लांबलेले देठ मातीपासून पाच-सात सेंटिमीटरवर, पानाच्या पेराच्या वर कापा. बुडाशी बारीक हिरवे फुटवे दिसत असतील तर हात सैल सोडून कापायला हरकत नाही. फुटवे नसतील तर निम्मीच उंची कमी करा आणि काही पानं ठेवा. सगळी रोपं एकाच दिवशी छाटू नका. अर्धी आज, उरलेली पंधरा दिवसांनी, म्हणजे कुंडी अगदी बोडकी होत नाही. दाटी झाली असेल तर मधली एक-दोन रोपं काढून दुसरीकडे लावा. दोन रोपांत 15 सेंटिमीटर अंतर असावं, 30 सेंटिमीटर रुंदीच्या कुंडीत चार-पाच पुष्कळ झाली. छाटून उन्हात ठेवलेल्या रोपाला साधारण महिन्याभरात पुन्हा कळ्या दिसायला लागतात.

दुसरी शक्यता, थंडी कडाक्याची असेल, दिवस अगदी लहान असतील. अशा वेळी व्हायोला थांबते. बर्फाळ रात्रीनंतर पानं काचेसारखी होऊन लोळतात आणि ऊन चढलं की पुन्हा उभी राहतात, हे पाहून घाबरून जाऊ नका. तेव्हा छाटणी, खत काहीच नको. हवा थोडी सैल झाली आणि दिवस मोठे व्हायला लागले की ती आपली आपण फुलायला लागते. या थांबण्याला आजार समजून बरीच चांगली रोपं लोक खतानं आणि पाण्यानं मारतात.

तिसरी शक्यता, थर्मामीटर दुपारी 25 च्या वर दाखवायला लागलाय आणि पुढे उन्हाळाच आहे. मग छाटणीचा खटाटोप करू नका. कापलेलं रोप फुटेल, पण कळ्या धरायच्या वेळी हवा तापलेली असेल. अशी रोपं काढून टाकण्यात मला काहीच गैर वाटत नाही. व्हायोला खरं तर बहुवर्षायू आहे, तरी बागेत तिला एका हंगामाचं झाड म्हणूनच लावतात, त्याचं कारण हेच. तुमची बहीणसुद्धा तेव्हा तेच करेल.

एक गोष्ट तपासायची राहिली. तुमच्याकडे नक्की बागेतली व्हायोलाच आहे ना? तिचं पान लांबट, कडेला बोथट दाते असलेलं असतं, आणि पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे झालरीसारखी कातरलेली छोटी उपपर्णं दिसतात. पानं बदामी आकाराची, थेट जमिनीलगतच्या गड्ड्यातून निघालेली आणि आडवे धुमारे पसरत जाणारी असतील, तर ती सुगंधी व्हायोलेट असू शकेल. तिची तऱ्हा न्यारी. रंगीत, वासाची फुलं ती थंडी सरताना थोडेच दिवस देते. नंतर पानांखाली, मातीलगत, पाकळ्या नसलेल्या बंद कळ्या धरते. त्या कधीच उमलत नाहीत, आतल्या आत परागीभवन होतं आणि बी तयार होतं. तिचा मालक वर्षभर "फूल नाही" म्हणत असतो आणि ती पानांआड गुपचूप बिया धरत असते. तुमची रोपं आणताना छोट्या फुलांनी लगडलेली होती, म्हणून मला ही शक्यता कमी वाटते, तरी एकदा वाकून बघा.

किडींचं फार सांगत नाही. पाकळ्यांवर पांढरट ओरखडे असतील तर फुलकिडे, कोवळ्या शेंड्याला चिकट मावा, पानांवर पिठासारखी भुरी. दाटी कमी केली आणि हवा खेळू दिली की यातलं बरंचसं आटोक्यात येतं. कळ्या रात्रीतून कुरतडल्या जात असतील तर टॉर्च घेऊन गोगलगायी शोधा.

बी उगवलं नाही ते का, हे मात्र जवळजवळ खात्रीनं सांगता येईल. बहुतेक लोक ऊब आणि उजेड देऊन बी रुजवायला जातात, आणि व्हायोलाच्या बीला दोन्ही नको असतं. तिला 18 ते 20 अंश आणि अंधार लागतो. 25 च्या वर गेलं की उगवण झपाट्यानं घटते. बियांवर तीनेक मिलिमीटर व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) किंवा बारीक कोकोपीट पसरा, ट्रे घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा आणि वरून झाका. माती दमट हवी, चिखल नको. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. पहिले कोंब दिसताच झाकण काढून ट्रे उजेडात आणि शक्य तितक्या गार जागी न्या. एक दिवस उशीर झाला तरी कोंब दोऱ्यासारखे लांब होतात. पेरल्यापासून पहिलं फूल यायला साधारण 10 ते 14 आठवडे लागतात, म्हणून तुमच्याकडे गारवा कधी सुरू होतो ते बघून तिथून मागे मोजा. ती वेळ बहुधा उकाड्याची शेपटी असते, आणि म्हणूनच गार कोपरा शोधणं हे या कामातलं खरं काम. जुनं पाकीट असेल तर उगवण कमीच धरा. संकरित वाणाचं घरी धरलेलं बी पेरलंत तर रंग आईसारखाच येईल असं नाही, गंमत म्हणून पेरायला काहीच हरकत नाही.

पुढच्या वेळी रोपं घेताना सगळ्यात फुललेलं उचलायचा मोह टाळा. बुटकं, रुंद, एखाददुसरं फूल उमललेलं आणि पानांत भरपूर कळ्या असलेलं रोप घ्या. पिशवीच्या तळातून बाहेर आलेली मुळं पांढरी आहेत का ते बघा. मुळांचा गोळा आवळलेला असेल तर लावताना बोटांनी जरा मोकळा करा.

राहिला मातीचा प्रश्न. उपसलेल्या रोपाची मुळं पांढरी निघाली असतील तर तीच माती भुसभुशीत करून, जुनी मुळं वेचून, पाण्यानं क्षार धुऊन आणि थोडं शेणखत मिसळून उन्हाळी झाडांसाठी खुशाल वापरा. मुळं काळी निघाली असतील तर त्या मातीत पुढच्या हंगामात व्हायोला आणि पॅन्सी दोन्ही लावू नका, ती रोपं कंपोस्टमध्येही टाकू नका, आणि कुंडी साबणाच्या पाण्यानं घासून कडक उन्हात वाळवा.